तोंडी

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
टोलेडोतल्या या चर्चच्या तळघरात
मी चाळीस खुर्च्या मांडतो.
सभेचं नाव 'पोलीस आणि शेजारी'.
आधी रांगा असायच्या, समोर टेबल,
टेबलामागे गणवेश.
मग वरून कुणीतरी कळवलं, गोल करा,
गोलात विश्वास वाढतो म्हणे.
मी गोल केला.
तरी एका बाजूच्या सहा खुर्च्या
कुणी न सांगता निळ्या होतात
आणि त्यांच्या दोन्ही अंगांना
एकेक खुर्ची रिकामी राहते.

फेब्रुवारी. बुटांना रस्त्यावरचं मीठ.
कॉफी पातळ. रेडिएटर मध्येच खोकतो.
कॅप्टन आकडे वाचतात:
थांबवलेल्या गाड्या इतक्या, तक्रारी इतक्या,
गेल्या वर्षीपेक्षा कमी.
कमी का, ते मला ठाऊक आहे.
माझ्या भाच्याने तक्रार द्यायचं सोडलं
त्याला दोन वर्षं झाली.

मग ओडेसा प्रुइट उठल्या.
शाळेच्या कॅन्टीनमध्ये वाढतात त्या,
आवाज चढवायची सवय नाही.
पर्समधून घडीचा कागद काढला,
चष्मा लावला, वाचला:
"बँडचं साहित्य परत न केल्याबद्दल.
ट्रॉम्बोनची तोंडी, नग एक.
बावन्न डॉलर."

पोरगा टाव्हियन, पंधराचा.
नोव्हेंबरात तालमीहून परतताना
ती ओठ टेकवायची पितळी तोंडी
त्याच्या कोटाच्या खिशात होती,
कारण गार पितळ ओठांना डसतं,
खिशात ठेवलं की उबेला राहतं.
मास्तरांनीच शिकवलेलं.
गाडी थांबली. हात बाहेर काढ, म्हणाले.
त्याने काढले.
एका हातात ती होती.
पुढचं सगळं नऊ सेकंदांत.
कॅमेऱ्यात फक्त फुटपाथ
आणि कुणाचा तरी श्वास.

मनगट जुळलं, जुळतं तसं.
पण ट्रॉम्बोनची नळी पुरती सोडायची
तर हात सातव्या जागेपर्यंत जावा लागतो.
त्याचा पाचव्यावर अडतो.
खालचे दोन सूर आता त्या घरात नाहीत.

"मला माफी नको," ओडेसा म्हणाल्या,
"माफीचं पत्र आलंय, त्यात नाव चुकलंय.
मला ती तोंडी द्या.
शाळेला परत करायचीय."

कॅप्टन म्हणाले, ती पुरावा आहे.
प्रकरण अजून उघडं आहे.
पिशवीवर नंबर आहे, तो घालून अर्ज करा.
तोंडी चालणार नाही, लेखी लागेल.

कुणी हसलं नाही.

निळ्यातला सगळ्यात कोवळा, डोम्ब्रोव्स्की,
सभा संपल्यावर मागे रेंगाळला.
त्याचा आजा आणि ओडेसांचे वडील
एकाच काच कारखान्यात, एकाच भट्टीवर होते.
त्या दोघांना हे माहीत नाही.
मला माहीत आहे, आणि मी सांगितलं नाही.
दर वेळी मीच का पूल व्हायचं?

त्याने पाकीट काढलं. "बावन्न ना?"
ओडेसांनी त्याच्याकडे नीट बघितलं,
जेवण न घेता पुढे सरकणाऱ्या पोराकडे बघतात तसं.
"आत ठेव, बाळा. पैसे आहेत माझ्याकडे."
पाकिटाचं काय करावं ते त्याला कळेना.
मग तो खुर्च्या मिटायला लागला.
चुकीच्या मिटत होता, बोट चेमटलं.
मी दाखवलं: आधी बैठक वर, मग पाय.

मार्चमध्ये तो आला नाही.
बदली झाली म्हणे, नदीपलीकडे.
ओडेसा आल्या. आता कागद दोन होते,
दुसरा अर्ज मिळाल्याची पोच.
आणि या वेळी टाव्हियनही आला,
दाराशीच उभा, कोट न काढता,
दोन्ही हात खिशात.

खोलीतल्या सगळ्यांची नजर
आधी त्या खिशांवर गेली.

माझीही.